मशीन माझ्याकडे, स्पीकर दादाकडे

नव्या फ्लॅटमध्ये राहायला येऊन पंधरा दिवस झाले आणि बायकोने जाहीर केलं, की हा टीव्ही बदला. टीव्ही महिन्यापूर्वीच घेतला होता, अर्धी भिंत व्यापणारा. मी म्हटलं, "चित्र काय सुंदर दिसतंय बघ." ती म्हणाली, "चित्र दिसतंय हो. बॉम्ब फुटतो तोही ऐकू येतो. पण तो कोणी फोडला, का फोडला, ते दोघं कोपऱ्यात उभं राहून बोलतात, त्यातलं एक अक्षर कळत नाही. मी काय नुसता धूर बघत बसू?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. टीव्ही पातळ होत गेले तसा त्यांचा आवाजही पातळ होत गेला. डोंबिवलीतल्या आमच्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास होऊन हॉल जरा मोठा मिळाला होता आणि त्या हॉलमध्ये टीव्हीचा आवाज शेजारच्यांकडून आल्यासारखा यायचा. तिला सिनेमातलं बोलणं स्वच्छ हवं होतं. मला गाणं हवं होतं, तेही असं की गाणारा समोर येऊन बसलाय. दोन्ही एकाच व्यवस्थेतून व्हायला हवं होतं, कारण हॉल एकच आणि बायकोची अट अशी की वायरींचं जंगल नको. अशा वेळी लोकांना आधी प्रश्न पडतो स्पीकर कुठले घ्यावेत याचा. मला पडला ॲम्प्लिफायरचा.

त्याला कारण होतं. बेडरूमच्या कपाटात वरच्या कप्प्यात, जुन्या चादरीत गुंडाळलेला, बाबांचा ॲम्प्लिफायर होता. त्याचे दोन स्पीकर ठाण्याला दादाकडे होते. आणि दादाशी, माझ्या सख्ख्या मोठ्या भावाशी, मी आठ वर्षं बोललो नव्हतो.

आता दादा ठाणं सोडून चालला होता. आमचं भांडण झालं तरी जावाजावांचं फोनवरचं बोलणं कधी बंद पडलं नव्हतं, त्यामुळे मला सगळं कळायचं. मी पेपर वाचत असल्याचं दाखवून ऐकायचो. घोडबंदर रोडचा फ्लॅट विकून दादा-वहिनी पुण्याला मुलाकडे राहायला जाणार होते. महिनाअखेरीस सामान हलणार होतं. तोवर मी गेलो नाही, तर पुढे कधीच जाणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. माझा स्वभाव मीच ओळखून आहे. शहाण्या माणसाने अशा वेळी फोन उचलला असता. मी ॲम्प्लिफायर शोधायला लागलो.

वाटणीचं आधी सांगायला हवं. बाबा कल्याणजवळच्या मोहने गावातल्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. एका दिवाळीच्या बोनसमध्ये त्यांनी तो संच आणला. एक जड, रुपेरी तोंडाचा ॲम्प्लिफायर आणि कमरेएवढे दोन लाकडी स्पीकर. घरात त्याला कोणी ॲम्प्लिफायर म्हणत नसे, 'मशीन' म्हणत. मशीनच्या आवाजाच्या बटणाला बाबांशिवाय कोणी हात लावायचा नाही, असा नियम होता. दादा आणि मी, दोघांनीही तो नियम शेकडो वेळा मोडला आणि प्रत्येक वेळी एकमेकांचं नाव सांगितलं.

आधी बाबा गेले, मग तीन वर्षांनी आई. आईचं वर्षश्राद्ध झालं आणि कल्याणचं घर विकायचं ठरलं. वाटणीला टिटवाळ्याहून मामा येऊन बसले. आमच्याकडे पद्धत अशी, की थोरल्याने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. म्हणजे थोरला लबाडी करू शकत नाही, कारण चांगला वाटा धाकटा घेऊन जाईल, आणि धाकट्याला तक्रार करायला जागा राहत नाही. घराचा प्रश्न सुटला. भांडी सुटली. आईचे दागिने दोन्ही सुनांनी इतक्या समजूतदारपणे वाटून घेतले की मामांना भरून आलं. मग उरलं सटरफटर सामान. दादाने त्याचे दोन वाटे मांडले. एकात मशीन, भिंतीवरचं घड्याळ आणि इस्त्री. दुसऱ्यात दोन स्पीकर आणि मोठा कुकर.

मी बघतच राहिलो. मामांना म्हटलं, "मामा, हे असं तुटत नाही. हा एकच संच आहे." मामा आयुष्यभर शाळेत हिशेबनीस होते, त्यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी बोट नाचवत मोजलं आणि म्हणाले, "नग तीन आहेत. एक मशीन, दोन डबे. मशीन भारी, म्हणून एक. डबे हलके, म्हणून दोन. बरोबर आहे थोरल्याचं. तू आधी उचल."

एकत्र ठेवलं असतं तर मी तेच उचललं असतं हे दादाला माहीत होतं. मला मिळू नये म्हणून त्याने ते तोडलं होतं. माझं डोकं फिरलं. मी मशीन उचललं आणि म्हणालो, "घे तुझे डबे. तांदूळ भर त्यात." तो म्हणाला, "आणि तू मशीनवर कपडे वाळत घाल." तेवढ्यावर थांबलो असतो तर पुढे कधीतरी हसलोही असतो. पण शब्दाने शब्द वाढत गेला आणि आईच्या दुखण्यात हॉस्पिटलमध्ये कोण किती वेळा आलं, इथपर्यंत पोचला. त्या पायरीवरून कोणाला परत येता येत नाही. मामा मध्ये पडले, वहिनी रडल्या. मी चादरीत मशीन गुंडाळून डोंबिवलीला आलो.

तर आता आठ वर्षांनी मी ठाण्याला एका मोठ्या ऑडिओच्या दुकानात उभा होतो. आत गालिचा घातलेली, पडदे ओढलेली डेमोची खोली होती आणि विक्रेता भलता उत्साही होता. "सर, एव्ही रिसीव्हर घ्या, विषय एंड. सगळं एकाच डब्यात. पिक्चर पण, गाणी पण. अकरा चॅनल, म्हणजे अकरा स्पीकर."

"अकरा कशाला? मला कान दोनच आहेत."

"सर, वरून पाऊस पडतो ना पिक्चरमध्ये, तो खरंच वरून पडेल."

"माझ्या वरच्या मजल्यावरून आधीच पडतो."

तो हसला नाही. त्याने एक सिनेमा लावला, त्यात हेलिकॉप्टर माझ्या डोक्यावरून मागे गेलं. मी चक्क मान फिरवून पाहिलं. बोलणं मधल्या स्पीकरमधून इतकं स्वच्छ येत होतं की बायको असती तर तिने तिथेच बसकण मारली असती. मग मी म्हटलं, आता गाणं लाव, तबला असलेलं. त्याने लावलं. सगळं होतं, पण डग्गा म्हणजे नुसता 'बद बद' असा येत होता. बाबा असते तर म्हणाले असते, डग्गा बोलला पाहिजे, ढेकर देता कामा नये.

विक्रेत्याने मग दुसरं यंत्र जोडलं, फक्त दोन स्पीकर चालवणारं, गाण्यासाठीच केलेलं. डग्गा बोलायला लागला. पण त्यात सिनेमा दोनच बाजूंना, मधला स्पीकर नाही. म्हणजे गाण्याला एक, सिनेमाला एक. तो म्हणाला, "मग सर, दोन्ही घ्या. रिसीव्हर पिक्चरसाठी, हा ॲम्प गाण्यासाठी, पुढचे दोन स्पीकर दोघांत शेअर. फक्त ॲम्पला बायपास पाहिजे." मी म्हटलं, मला अजून लागलेली नाही. या वेळी तो हसला. बायपास म्हणजे रिसीव्हरकडून आलेला आवाज ॲम्पने आपली अक्कल न लावता सरळ पुढे स्पीकरला ढकलायचा. हे त्याने मला कागदावर चित्र काढून समजावलं.

मला सगळं समजलं होतं. तरी मी काही न घेता बाहेर पडलो. चालत कापूरबावडीच्या दिशेने निघालो, मग रिक्षा केली, दादाच्या सोसायटीच्या गेटपाशी उतरलो. वॉचमनने विचारलं, "कुणाकडे?" मी म्हटलं, "पत्ता चुकला," आणि त्याच रिक्षात परत बसलो. खरं सांगायचं तर डोंबिवलीत आणि कल्याणमध्ये दुकानं नव्हती असं नाही. ठाण्याला जायचं होतं म्हणून मी ठाण्याचं दुकान शोधलं होतं.

पुढचे दोन आठवडे मी घरच्यांना नकोसा झालो. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत फोनवर ॲम्प्लिफायरच्या चर्चा वाचायच्या. त्यात कोणीतरी लिहायचं की एकाच डब्यात सगळं घेणारे मूर्ख. खाली दुसरा लिहायचा की दोन डबे घेणारे महामूर्ख. सकाळी मला पहिल्याचं पटायचं, संध्याकाळी दुसऱ्याचं. घरी आल्यावर टेप घेऊन भिंत मोजायची. सोफा पुढे ओढायचा, मागे ढकलायचा. रविवारी तर मी दिवाणावर उभा राहून टाळ्या वाजवून हॉल किती घुमतो ते बघत होतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, आरती चालू आहे का. पुन्हा ठाण्याच्या दुकानात गेलो, पुन्हा तोच तबला ऐकला, पुन्हा सोसायटीच्या गेटपाशी. या वेळी वॉचमनने काही विचारलंच नाही, फक्त बघितलं.

शेवटी बायको उखडली. "अहो, एक काहीतरी घ्या आणि मोकळे व्हा. नाहीतर मी सबटायटल वाचून दिवस काढते."

"असं कसं घेऊ? पुढचे स्पीकर कुठले लावायचे त्यावर ठरतं ना सगळं."

"मग स्पीकर ठरवा."

मी टेप उचलून पुन्हा भिंत मोजायला लागलो. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला ॲम्प्लिफायर नकोच आहे," ती म्हणाली. "तुम्हाला भावजींकडे जायला निमित्त हवंय. शनिवारी त्यांचा ट्रक येतोय. काय ते आता बघा."

राग आला, कारण ते खरं होतं. मी कपाटातून मशीन काढलं आणि कल्याणला निघालो. का, ते मलाही नीट माहीत नव्हतं. काहीतरी हलवायला हवं होतं, एवढंच.

कल्याणला एक जुने मेकॅनिक आहेत. बाबांनी हेच मशीन एकदा त्यांच्याकडे दिलं होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि चारही बाजूंना उघडलेली यंत्रं. त्यांनी झाकण काढलं, फुंकर मारली आणि वर न बघता विचारलं, "किती वर्षं बंद ठेवलेलं?"

"आठ."

"का? बिघडलेलं?"

"नाही. चांगलं चालत होतं."

"मग कशाला ठेवलं बंद? वापरून नाही बिघडत हे. ठेवून बिघडतं. कंडेन्सर सुकतात आतले." त्यांनी एक फुगलेली नळी चिमट्यात धरून मला दाखवली. "परवा ये. करून ठेवतो."

परवा म्हणजे शुक्रवार. मी अर्धी रजा टाकून गेलो. मशीन चालू होतं, पुढचा छोटा दिवा लागला होता. मी त्यांना विचारलं, याला रिसीव्हरशी जोडता येईल का, दुकानवाला म्हणतो बायपास हवा, तो तर यात नाही. ते म्हणाले, "बायपास कशाला पाहिजे? रिसीव्हरच्या मागून पुढच्या स्पीकरांच्या आवाजाची, प्री-आउटची वायर काढ, मशीनच्या मागे ऑक्सच्या भोकात घाल. पिक्चरच्या वेळी याचा आवाज एका ठरलेल्या खुणेवर ठेव. गाण्याच्या वेळी रिसीव्हर बंद, हे एकटंच चालू दे. झालं. त्या दुकानवाल्याला काय, नवीन विकायचंय." दोन मिनिटांत माझे दोन आठवडे निकालात निघाले. मग ते म्हणाले, "मी माझ्या छोट्या स्पीकरवर टेस्ट केलंय. पण खरं काय ते याच्या जोडीच्या स्पीकरवर लावशील तेव्हा कळेल. जोडी आहे ना?"

"आहे," मी म्हटलं. "ठाण्याला."

बाहेर येऊन गाडी बोलावली. डोंबिवलीचा पत्ता टाकायला गेलो आणि घोडबंदर रोडचा टाकला. मशीन मांडीवर घेऊन बसलो. ते इतकं जड होतं की माजिवडा येईपर्यंत पाय बधिर झाले. ते बरंच झालं, नाहीतर वाटेत उतरून पळालो असतो. वॉचमनने मला ओळखलं आणि या वेळी न विचारता गेट उघडलं.

दार वहिनींनी उघडलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "भावोजी, आत या आधी." हॉलमध्ये खोकीच खोकी होती. भांडी, पुस्तकं, पंखे, सगळं बांधून झालं होतं. फक्त भिंतीवरचा टीव्ही आणि त्याच्या दोन बाजूंना ते दोन स्पीकर उभे होते. पुसलेले, चकचकीत. त्यांच्यावर शोभेचा एक कपडासुद्धा नव्हता. दादा खुर्चीत बसून बातम्या बघत होता आणि बातम्यांचा तो किरटा आवाज टीव्हीतूनच येत होता. दादा खूप म्हातारा झाला होता. माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठा आहे.

"काय आणलंयस?" त्याने विचारलं. आठ वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.

"मशीन."

तो उठला. चष्मा शोधला. खोक्यांतून कुठूनतरी वायर आणि कात्री काढली. आम्ही दोघं जमिनीवर बसलो आणि वायरी सोलायला लागलो. मी लाल टोक जोडायला गेलो तर तो म्हणाला, "काळं खाली." मी म्हटलं, "मला माहितीये." तो म्हणाला, "माहीत असतं तर त्या वेळी उलटं लावून बाबांचा मार खाल्ला नसतास." मी म्हटलं, "ते तू लावलं होतंस." तो म्हणाला, "हो. मी लावलं होतं."

त्याने आपल्या फोनची वायर मागे घातली आणि सतार लावली. मी बटण हळूहळू फिरवलं. दुकानातल्या कुठल्याच यंत्राने तो आवाज दिला नव्हता. कदाचित दिलाही असेल, मला तिथे ऐकू आला नसेल. वहिनी चहाचे कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारातच थांबल्या होत्या.

"तुम्हाला म्हणून सांगते," त्या म्हणाल्या, "हे तीनदा नवं मशीन घ्यायला म्हणून दुकानात गेले आणि तीनदा हात हलवत आले. मी म्हटलं, घेत का नाही? नुसते उभे आहेत खांब दोन्हीकडे."

दादाने त्यांच्याकडे रागाने पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "दुसरं मशीन जोडलं असतं तर वाटणी पक्की झाली असती."

मीही आठ वर्षांत दुसरे स्पीकर घेतले नव्हते. स्वतःला सांगत होतो की जुन्या घरात जागा नाही.

"मुद्दाम तोडलं होतंस ना?" मी विचारलं.

"मुद्दाम." त्याने लपवलं नाही. "एकत्र ठेवलं असतं तर तू डोळे मिटून तेच उचललं असतंस. बाबा तुला मांडीवर घेऊन त्याच्यासमोर बसायचे. मी मागे उभा. मग म्हटलं, तुलाही नको, मलाही नको."

"आणि मी मशीन उचललं," मी म्हणालो, "कारण मला वाटलं, त्याच्याशिवाय तुझे स्पीकर मुके होतील. मला तेच हवं होतं."

"झाले ना मुके," दादा म्हणाला.

हॉस्पिटलचं तो काही बोलला नाही, मीही काढलं नाही. त्या गोष्टीला अजून हात लावायची हिंमत नव्हती, आताही नाही. सतार चालू होती. ती ऐकताना दादाचा चेहरा मी बघत होतो आणि माझ्या मनात आलं की हे सगळं याला पुण्याला घेऊन जाऊ दे. पण सरळ दिलं तर तो घेणार नाही. आमच्या घरात कोणी कोणाचं असं घेत नाही.

"वाटणी परत करू," मी म्हटलं. "या वेळी वाटे मी करतो. तू आधी उचल."

"आता काय करतोस वाटणी, उद्या ट्रक आहे."

"म्हणूनच आज."

मी उठलो. दोन्ही स्पीकर ओढत खिडकीकडे नेले, शेजारी शेजारी ठेवले आणि त्यांच्यावर मशीन चढवलं. हा एक वाटा. दुसऱ्या बाजूला, टीव्हीच्या उजवीकडे, स्पीकर उभा होता तिथे फरशीवर चौकोनी डाग उरला होता. बाकी काही नाही. "हे दोन वाटे," मी म्हटलं. "उचल." मी मनातून खूश होतो. मला वाटलं, आता याला पर्याय नाही. रिकामा वाटा कोण उचलेल?

दादाने दोन्हीकडे पाहिलं. गुडघ्यावर हात टेकून उठला आणि त्या रिकाम्या चौकोनावर जाऊन उभा राहिला. "हा माझा," तो म्हणाला.

"दादा, असं चालणार नाही. रिकामा आहे तो."

"धाकट्याने वाटे केले, थोरल्याने उचलला. मामांना फोन लावून विचार, बरोबर आहे की नाही." मग त्याचा आवाज जरा खाली आला. "मला पुण्याला एक खोली आहे. तिथे मी एवढ्या मोठ्याने काय ऐकणार? घर मुलाचं, सुनेचं. त्यांना जे लागेल ते लागणार. तू घेऊन जा. वाजवत जा मात्र."

मी भांडलो. हातवारे केले, आवाज चढवला, वहिनींना मध्ये ओढलं. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "भावोजी, घ्या हो. यांच्या मनासारखं एक तरी होऊ दे या जाण्यात." त्यानंतर मला वाद घालता आला नाही. दादा स्वतःच्या मर्जीने जात नव्हता, हे तोवर मला कळलंच नव्हतं. आठ वर्षं मी त्याच्याबद्दल फक्त एकच गोष्ट धरून बसलो होतो.

शनिवारी ट्रक पुण्याला गेला आणि एक छोटा टेम्पो डोंबिवलीला. रिसीव्हर मी सोमवारी दहा मिनिटांत घेतला, साधा, सात चॅनलचा, मागे प्री-आउट असलेला. विक्रेत्याला आश्चर्य वाटलं. मेकॅनिकने सांगितल्याप्रमाणे वायर काढली. सिनेमाच्या वेळी मशीनचं बटण कुठे ठेवायचं त्या जागी बायकोने नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. मधला स्पीकर रिसीव्हरवर, तो बोलणं सांभाळतो. पुढचे दोन बाबांच्या मशीनवर. बायको आता सबटायटल बंद करून सिनेमा बघते आणि मधूनमधून मला सांगते की अमका खोटं बोलतोय, त्याच्या आवाजावरून कळतं.

ज्या व्यवस्थेच्या मागे मी वेड्यासारखा धावलो ती हॉलमध्ये उभी होती आणि मला बसवत नव्हतं. गाणं लावायचो, अर्ध्यात बंद करायचो. उठायचो, वायर चाचपायचो, पुन्हा बसायचो. सगळं मला मिळालं होतं आणि ज्याला दाखवायचं तो पुण्याला एका खोलीत होता. रविवारी सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर तो पलंगाच्या काठावर बसलेला, मागे नातवाचं कार्टून जोरात चालू.

"लावलंस?"

"लावलं."

"ऐकव."

मी सतार लावली आणि फोन दोन स्पीकरच्या मधोमध धरला. त्याने डोळे मिटले. कार्टूनच्या आरडाओरड्यात तो मान हलवत होता. मग म्हणाला, "डावा जरा आत वळव. बाहेर जातोय आवाज."

मी एका हाताने फोन धरला आणि दुसऱ्या हाताने डावा स्पीकर बोटभर आत वळवला. "आता?"

"आता उजवा."

फोनमधून डावं-उजवं काही कळत नाही. एवढासा तो स्पीकर, त्यात दोन्ही एकच होऊन जातात. हे दादाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मी उजवा वळवला.

"अजून थोडा," दादा म्हणाला, आणि मी पुन्हा वाकलो.